खांद्यावरची बोटं

यशवंतजिजाजी, माझ्या ताईचे यजमान, गेल्याचा फोन आला तेव्हा मी महाराज बाड्यावरच्या बँकेत, आपण अजून जिवंत आहोत हे सिद्ध करायला रांगेत उभी होते. पेन्शनवाल्यांना दरवर्षी हे करावं लागतं. पलीकडून ताई म्हणाली, "कुमुद, हे उठून नाही राहिलेत गं..." आवाजात रडणं नव्हतं, तक्रार होती. नाश्ता करून, पेपर घेऊन जरा आडवे झालेला माणूस हाका मारल्या तरी उठत नाही, म्हणजे काय! मी रांग सोडली, ऑटो केली आणि कंपूला ताईच्या घरी पोचले. शेजारचे डॉक्टर व्हरांड्यात चपला घालत होते. त्यांनी माझ्याकडे न बघताच मान हलवली. आत पेपर अजून जिजाजींच्या छातीवरच होता, चष्माही तसाच. मी तो काढून घेतला, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना.

संध्याकाळी समीर, त्यांचा एकुलता एक मुलगा, इंदूरहून आला आणि बाकीचं रीतीप्रमाणे झालं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी द्यायची म्हणून फोटो शोधायला बसलो, तर घरात फोटोच फोटो. कपाटात, पलंगाखाली, संगणकात, सगळीकडे. पण जिजाजींचा एकट्याचा असा एकही नाही. आधार कार्डावरचा होता, पण त्यात ते आमचे जिजाजी कमी आणि पाकीटमार जास्त दिसतात. पेन्शनच्या कागदांना लावलेला जोडफोटो होता, तो समीरने पुढे केला. ताईने तो उलटा ठेवला आणि म्हणाली, "यात मी पण आहे. मी अजून इथेच आहे."

एकट्याचा फोटो ते कुणाला काढू देत नसत. "एकट्याचा फोटो म्हणजे पुढे हार," असं म्हणत आणि हसत. पण तो नुसता विनोद नव्हता, त्यात त्यांचं निम्मं आयुष्य होतं. तेच आज सांगायचं आहे.

जिजाजींचं घराणं फौजेतलं. दक्षिणेतून लष्कराबरोबर इकडे हिंदी मुलखात आलेल्या मराठी माणसांची फौज यथावकाश गेली, माणसं इथेच राहिली. कुणी वकील झालं, कुणी मास्तर, जिजाजी वीजखात्यात लागले. "लढवय्यांच्या घरात मुलगी दिली आणि जावई निघाला मीटर तपासणारा," असं आमचे वडील चारचौघांत म्हणत, आणि जिजाजी ते वडिलांपेक्षा मोठ्याने हसून ऐकत. ताईच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा तिच्याकडे राहायला गेले तेव्हा बैठकीत मला तो फोटो दिसला. पहिल्या महायुद्धाला निघण्याआधी कंपूच्या मैदानात काढलेला, फेटेवाल्या शिपायांचा समूहफोटो. पुढची ओळ खुर्च्यांवर बसलेली, मागची उभी. मागच्या ओळीत एका ठिकाणी माणसाच्या आकाराचं भोक होतं. कात्रीने नीट कापलेलं, फेट्याच्या तुऱ्यासकट. त्यातून मागचा पुठ्ठा दिसत होता.

मी विचारलं, हे काय? जिजाजी म्हणाले, "ते आमचे गणपतआजोबा." आणि मग त्यांनी भोकाच्या खालच्या बाजूला बोट ठेवलं. तिथे खुर्चीवर त्यांचे सख्खे आजोबा बसले होते, आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर, फोटोत नसलेल्या कुणाची तरी चार बोटं होती.

हकीकत अशी की दोघे भाऊ एकत्रच गेले, आफ्रिकेत. थोरला परत आला, धाकटा गणपत आला नाही. त्याचं काहीच परत आलं नाही म्हणून घरच्यांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, आणि पुतळ्याला चेहरा हवा म्हणून फोटोतून गणपतला कापून त्याच्यावर ठेवला. पुतळ्याबरोबर त्याचा चेहराही गेला. थोरला भाऊ मात्र समोर जिवंत होता. त्याच्या खांद्याला कात्री कशी लावायची? म्हणून ज्याने कापलं त्याने खांद्याच्या कडेकडेने कात्री नेली आणि बोटं तिथेच राहू दिली. जिजाजींच्या लहानपणी त्यांचे वडील सर्वपित्री अमावस्येला या काकांसाठी पानावर नुसती सुपारी ठेवत. वडिलांनी त्यांना पाहिलेलंच नव्हतं. घरात पाहिलेलं असं कुणी उरलंही नव्हतं. वडील जाताना म्हणाले होते, माझ्या काकांचं तोंड कसं होतं ते बघायचं राहिलं. जिजाजींनी ती गोष्ट मनावर घेतली.

सरळ हिशेब होता. फोटोतल्या प्रत्येकाला एकेक प्रत मिळाली असणार, तेव्हा लष्कर म्हणतात त्या आमच्या जुन्या छावणीच्या वस्तीतल्या कुठल्या तरी घरात गणपतआजोबा अखंड असतील. नोकरीतून सुटी मिळेल तेव्हा जिजाजी जुन्या शिपायांची घरं शोधत निघाले आणि त्यांना कळलं की आपल्या घरात झालं तेच सगळीकडे झालं आहे. आपल्याकडे गेलेल्याच्या फोटोला हार घालायचा असतो, आणि जिवंत माणसाच्या फोटोला हार घालणं म्हणजे त्याच्या मरणावर टपणं. मग समूहफोटो टांगायचा कसा? त्यात शेजारचे जाधव असतात, समोरचे कदम असतात, ते रोज दूध आणायला जाताना दिसतात. म्हणून प्रत्येक घराने आपला माणूस कात्रीने सोडवून घेतला, चौकटीत बसवला, हार घातला. जे युद्धात गेले त्यांचं तेव्हा झालं, जे परत आले त्यांचं म्हातारपणी गेल्यावर झालं. उरलेला तुकडा? कुणी नदीत सोडला, कुणी बंबात घातला. कुणाचं वाईट करायचं कुणाच्याच मनात नव्हतं. उलट सगळ्यांनी शेजाऱ्याला जपलं, आणि जपता जपता अख्खी पलटण कापून काढली.

जिजाजी घरात शिरले की भिंतीवरच्या आजोबांना नमस्कार करायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "बाकीचे कुठे आहेत?" घरातल्या लोकांना वाटायचं, हे आमच्या भाऊबंदांची चौकशी करतायत, आणि मग वाटणीचे किस्से सुरू व्हायचे. ते शांतपणे ऐकून घेत. फोटो घराबाहेर न्यायचा नाही हा त्यांचा नियम. त्याच घराच्या टेबलावर चौकट उघडायची, धूळ मऊ ब्रशने झटकायची, पाण्याचा थेंब लावायचा नाही, खिडकीशी धरून स्वतःच्या कॅमेऱ्याने प्रत काढायची आणि फोटो त्याच खिळ्यावर परत टांगायचा. पिढ्यान् पिढ्या थेट फोटोवर गंध लावून कित्येकांची कपाळं आणि डोळे खाल्ले गेले होते. त्यावर ते घरातल्या बाईला हात जोडून सांगत, "काकी, गंध काचेवर लावत जा. माणसावर नको." मग चेहरा गेलेला माणूस ओळखायचा कसा? कोपरांवरून. कापताना कडेला शेजाऱ्याचं कोपर, अर्धी बाही, एखाद्या बुटाचं टोक राहून जातंच. जिजाजी घरी येऊन ती कोपरं आमच्या भोकवाल्या फोटोशी लावून बघत, आणि जुळलं की ताईला स्वयंपाकघरातून हाक मारत, "अगं, दुसऱ्या ओळीतले जाधव सापडले!" ताई कणीक भरल्या हातांनी येऊन जाधवांना बघून जायची. असं करत करत फोटोतल्या जवळजवळ सगळ्यांना नावं मिळाली, गणपतआजोबांना तेवढा चेहरा मिळेना.

या नादात त्यांनी आम्हाला छळलंही पुष्कळ. माझ्या लग्नाच्या जेवणावळीत ते पंगतीतून गायब झाले. वराकडच्या एका मामांचे आजोबा शिपाई होते असं कळल्यावर ते मामांना घेऊन त्यांच्या घरीच गेले होते. मामा उपाशी, हे उपाशी, आणि ताईचा चेहरा बघण्यासारखा. पण त्याच मामांच्या घरी त्यांनी महिन्याभरात फोटोची मोठी प्रत पोचवली, भोकासकट आणि खाली नावांसकट. ज्या घरातून ते एक माणूस बघून येत, त्या घराला सगळी पलटण देऊन येत. मामा ती प्रत मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसले होते. आपले आजोबा त्यांनी जन्मभर एकटेच पाहिले होते, आणि इथे त्यांच्या डावी-उजवीकडे माणसं होती.

गोरखीकडून कंपूला जाताना एका जुन्या आवाराच्या भिंतीत त्या युद्धाची एक लहानशी शिला बसवलेली आहे. या वस्तीतून किती गेले आणि किती परतले नाहीत, एवढंच तिच्यावर कोरलेलं. नाव एकाचंही नाही. दरवर्षी झेंडावंदनाच्या आधी उत्साही मंडळी भिंतीबरोबर तिलाही ऑइल पेंट फासत, त्यामुळे अक्षरं बुजून ती शिला आहे की जुनी खिडकी बुजवली आहे ते कळेनासं झालं होतं. जिजाजी निवृत्तीनंतर बांबूची कमची घेऊन तिच्यासमोर स्टूल टाकून बसू लागले आणि एकेक अक्षर मोकळं करू लागले. येणारे-जाणारे विचारत, "अंकल, खजाना निकल रहा है क्या?" हे म्हणत, "बस, निकलने ही वाला है." शेजारी नावांची शिला बसवावी म्हणून त्यांनी अर्ज केला, तो अजून फायलींतून फिरतो आहे. नावं मात्र तयार आहेत.

मग तो चव्हाणांच्या घरचा दिवस. जिजाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं म्हणून स्कूटर मी चालवत होते. चव्हाणकाकींच्या सासऱ्यांचे वडील त्या फोटोत होते, युद्धातून परत येऊन म्हातारे होऊन गेले. झुबकेदार मिशांचा त्यांचा कापलेला फोटो चौकटीत भिंतीवर होताच. नेहमीचा प्रश्न झाला, "बाकीचे कुठे आहेत?" काकी म्हणाल्या, "कुठे असणार? फेकले असतील." चहा आला. तेवढ्यात जिजाजींचं लक्ष देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीकडे गेलं. तिला मागून कसर लागली होती. माणूस गप्प बसेल तर शपथ. काकींची परवानगी काढून त्यांनी तसबीर उतरवली, मागचे खिळे काढले, आणि दत्ताच्या पाठीला आधार म्हणून लावलेला जाड पुठ्ठा त्यांच्या हातात आला. तो पुठ्ठा म्हणजे उरलेला फोटो होता. चव्हाणांच्या जागी भोक. बाकी सगळे जागच्या जागी.

जिजाजींनी तो खिडकीशी नेला. मी त्यांच्या मागे उभी राहिले. मागच्या ओळीत थोरल्या भावाच्या पाठीशी एक उंच मुलगा उभा होता, विशीचा असेल नसेल, आणि त्याला चेहरा नव्हता. म्हणजे होता, पण फोटो काढताना त्याने मान वळवली होती. नाक, डोळे, मिशी, सगळं एकमेकांत फिसकटून गेलेलं. मला भीती वाटली की हे आता रडणार, आणि मला रडणाऱ्या पुरुषांचं काय करावं ते कळत नाही. मग ते म्हणाले, "हलला लेकाचा." आणि थोड्या वेळाने, "पण हात हलवला नाही बघ त्याने." भावाच्या खांद्यावरची बोटं इथेही तशीच होती, नखं मोजता यावीत इतकी स्वच्छ. त्यांनी प्रत काढली, पुठ्ठ्याच्या जागी नवा पुठ्ठा आणून देईन म्हणून सांगितलं, थंड झालेला चहा प्यायला. घरी आल्यावर ताईला म्हणाले, "सापडला." ताईने विचारलं, "कसा आहे दिसायला?" ते म्हणाले, "घाईत आहे."

त्या रात्री ते जेवले नाहीत. मला मात्र वाटलं होतं, आता हा नाद सुटेल. कसला सुटतोय! त्या वर्षीच्या सर्वपित्रीला त्यांनी सगळ्या घरांना शिलेपाशी बोलावलं. गेलेल्यांच्या तिथी कुणालाच माहीत नव्हत्या, तेव्हा हाच दिवस सगळ्यांचा. आपापल्या घरची पानं आटोपून माणसं आली. जिजाजींनी भिंतीशी खुर्च्या मांडल्या आणि ज्याचा पूर्वज जिथे, त्याला तिथे बसवलं, उभं केलं. मुली, सुना, नातवंडं, जे कोणी आलं ते. चव्हाणकाकींना यायला झेपत नव्हतं म्हणून त्यांच्या जागी मी, त्या झुबकेदार मिशीवाल्याच्या खुर्चीवर. ज्याचं कुणीच सापडलं नव्हतं अशा एका खुर्चीवर माईंना बसवलं. माई म्हणजे जिजाजींच्या काकी, वय नव्वदीच्या घरात. "मला बेवारश्याच्या जागी बसवतोस काय रे?" म्हणून त्या भांडल्या आणि मग पदर सारखा करून बसल्या. थोरल्या आजोबांच्या खुर्चीवर समीर. आणि त्याच्यामागे भोकाच्या जागी स्वतः. कॅमेरा तिवईवर लावून, बटण दाबून धावत यायचे आणि समीरच्या खांद्यावर हात टेकून श्वास घ्यायचे. पुढे दरवर्षी हे चाललं. समीर कुरकुरत का होईना, त्या दिवसासाठी इंदूरहून यायचा. यंदाच्या फोटोत जिजाजींचं तोंड उघडं आहे, धाप लागलेली दिसते. आम्ही तेव्हा त्यांना हसलो होतो.

तर बातमीसाठी फोटो शोधताना हाच निघाला. त्यातला त्यांचा चेहरा स्वच्छ, मोठा. समीरने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला. ताई, माई आणि मी भोवती. "मावशी, क्रॉप करतो ना. ओरिजिनल को कुछ नहीं होगा," तो म्हणाला. त्याचं खरंच होतं. आता कात्री लागत नाही, काही वाया जात नाही. मी म्हटलं, कर. तो जिजाजींच्या डोक्याभोवती रेघ ओढत खाली आला, खांदा झाला, दंड झाला... आणि थांबला. समीरने मान न वळवता सांगितलं, "आई, बोटं राहतात."

पडद्यावर त्याचा स्वतःचा उजवा खांदा होता आणि त्यावर बापाची चार बोटं. कापायचं तर एकतर समीरच्या खांद्याचा तुकडा जाणार, नाहीतर बोटं मागे राहणार. ताईने ते बघितलं आणि ती पहिल्यांदा रडली. मीही रडले, लपवण्यात अर्थ नाही. मग नाक पुसून ताई म्हणाली, "पूर्ण दे. जसा आहे तसा." वर्तमानपत्रातून फोन आला, "जी, इसमें से एक्स्पायर कौन हुए हैं?" समीरने ओळ आणि जागा सांगितली. बातमी छापून आल्यावर बँकेतल्या जुन्या मैत्रिणीने मला फोन करून मी आहे ना, याची खात्री करून घेतली.

पण घरात टांगायचा प्रश्न वेगळा होता. तेराव्याला हाच फोटो, मोठा करून, चौकटीत घालून पाटावर मांडला आणि ताईने हार उचलला तसा माईंनी तिचा हात धरला. "सूनबाई, डोकं ठिकाणावर आहे का? जित्या माणसांवर हार? तुझा पोरगा आहे त्यात!" खरं सांगते, मीही मनात माईंचीच बाजू घेतली. शिकले-सवरले असले तरी त्यात मीही होते, मिशीवाल्याच्या खुर्चीवर. ताई म्हणाली, "माई, सगळ्यांनी असंच म्हणून कापलं. आणि हे जन्मभर जोडत बसले. मी नाही कापायची." माईंनी हात सोडला. मग म्हणाल्या, "चष्मा दे." फोटो जवळ घेऊन त्यांनी एकेक चेहरा बघितला. "मी कुठे आहे यात?" मी दाखवलं. "बरी आलेय," त्या म्हणाल्या. "घाल मग हार. माझ्यासाठी परत आणायला नको."

आता बैठकीत दोन फोटो शेजारी शेजारी आहेत. एक जुना, भोकाचा. गणपतआजोबांची फिसकटलेली प्रत जिजाजींनी त्यात कधी चिकटवली नाही, ती मागे पाकिटात आहे. दुसरा आमचा, हार घातलेला. ताई रोज सकाळी गंध लावते, काचेवर, फक्त एकाच्या कपाळापुढे, आणि बोट हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरते. मी जाते तेव्हा हाराच्या खालून स्वतःकडे बघते. पहिल्या दिवशी धस्स झालं होतं, आता होत नाही. बँकेतलं माझं जिवंतपणही मध्यंतरी सिद्ध करून आले.

समीर इंदूरला परत निघाला त्या सकाळी मी तिथेच होते. आईच्या पाया पडला, मग फोटोसमोर जाऊन उभा राहिला. बॅग त्याच्या उजव्या खांद्यावर होती. जाता जाता त्याने ती उतरवली आणि डाव्या खांद्यावर घेतली.